शार्लव्हिलचा विटांचा चौक आणि न बांधलेला राजवाडा

फ्रान्सच्या उत्तर भागात, मूझ नदीच्या वळणावर वसलेल्या शार्लव्हिलमध्ये 'प्लास द्युकाल' हा चौक आहे. पॅरिसच्या 'प्लास दे वोज' या चौकाशी त्याची तुलना नेहमी होते, आणि ती योग्यच आहे. शार्लव्हिलचा चौक क्लेमाँ मेतझो या वास्तुकाराने आखला. पॅरिसच्या चौकाचं श्रेय बऱ्याचदा ज्याला दिलं जातं, तो लुई मेतझो त्याचा थोरला भाऊ.

दोन्ही चौकांची गोष्ट फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या काळातली. 1598 मध्ये फ्रान्समधली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली युद्धं थांबली आणि राजाने बांधकामांकडे लक्ष वळवलं. पॅरिसमध्ये एक मोकळी जागा पडून होती. तिथल्या राजवाड्यात 1559 मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी झालेला आधीचा राजा दुसरा हेन्री मरण पावला होता आणि त्याची विधवा कॅथरीन दे मेदिची हिने तो वाडा पाडून टाकला होता. 1605 मध्ये राजाने तिथे चौक करायचं ठरवलं. भूखंड दिले ते एका अटीवर: घर तुमचं, पण चौकाकडचा दर्शनी भाग ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच बांधायचा. चौक पुरा झालेला पाहायला मात्र हेन्री उरला नाही. 1610 मध्ये त्याचा खून झाला आणि उद्‌घाटनाचा सोहळा 1612 मध्ये पार पडला.

विटा आणि दगड एकत्र वापरायची पद्धत त्याआधीच शंभर वर्षं रुजलेली होती. फ्रान्समधल्या ब्लुआच्या राजवाड्यात राजा बाराव्या लुईने 1500च्या सुमारास बांधलेला भाग याच धाटणीचा आहे. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना घडीव दगड, मधल्या भिंती विटांच्या. घडवलेला दगड महाग आणि वेळखाऊ. विटांनी काम झपाट्याने उरकतं. पुढे तर या रूपाचीच इतकी ओढ लागली की पॅरिसच्या चौकातल्या काही घरांच्या भिंतींवर विटा नाहीतच. गिलाव्याला तांबडा रंग देऊन त्यावर विटांच्या रेघा ओढल्या आहेत. मला हा तपशील फार बोलका वाटतो. सगळ्या घरांनी मिळून एक दिसावं हा आग्रह बांधकामाच्या साहित्यापेक्षाही मोठा ठरला होता.

शार्लव्हिलमध्ये हीच कल्पना एका संपूर्ण नव्या शहराच्या मधोमध आली. नव्हेरचा ड्यूक शार्ल द गोंझाग याने 1606 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आपल्या नावाचं शहर वसवायला घेतलं. आर्श नावाचा हा टापू फ्रान्सच्या राजाच्या नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या सत्तेखालचा. शेजारचं मेझिएर मात्र फ्रान्सच्या राजाचा तटबंदीचा किल्ला. दुसऱ्या राजाच्या वेशीला लागून उभ्या राहणाऱ्या राजधानीचा रुबाब दिसायला हवा होता.

चौक साधारण 126 मीटर लांब आणि 90 मीटर रुंद. तळाशी सलग कमानींच्या ओवऱ्या, वर तांबड्या विटा आणि पिवळसर दगड, आणि प्रत्येक घराला स्वतःचं उंच, उतरतं छप्पर. दगड दों-ल-मेनिलचा, छपरावरची जांभळट निळी स्लेट, म्हणजे पातळ पाट्यांचा दगड, फ्युमेची. दोन्ही गावं मूझच्याच काठची. या रंगांमुळे हा चौक पॅरिसच्या चौकापेक्षा उबदार दिसतो, असं माझं मत आहे.

चौकाच्या एका बाजूला ड्यूकचा राजवाडा यायचा होता. तो कधीच बांधला गेला नाही. शार्लला 1627 मध्ये इटलीतल्या मांतुआची गादी मिळाली आणि तो त्या वारशाच्या युद्धात गुंतला. ज्याच्यासाठी सगळी मांडणी केली, ती मुख्य वास्तूच नाही, तरी चौकाची शोभा उणी झाली नाही, कारण ती नागरिकांच्या घरांच्या शिस्तीवर उभी होती. राजवाड्याच्या जागी 1843 मध्ये नगरपालिकेची इमारत आली.

चौकातून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला 1626 मधली पिठाची गिरणी आहे. तिलाही वाड्यासारखा भारदस्त दर्शनी भाग दिलेला आहे. आता त्या गिरणीत, याच गावात 1854 मध्ये जन्मलेल्या आर्त्युर रँबो या कवीचं संग्रहालय आहे.