ठरलेली शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द होणे (मानसिक परिणाम)

पूर्वनियोजित शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी रद्द झाली, पुढे ढकलली गेली, की रुग्ण व नातेवाइकांच्या मनावर होणारा परिणाम. बोलीत याला ‘आज नंबर लागला नाही’ एवढेच म्हणतात.

ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९२) जोडलेले आहे. अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे रुग्ण येतात, आणि महामार्गावरचे अपघातही येतात. अपघाताची केस आली की यादीतला हर्निया थांबतो. ते योग्यच असते. आधीचे ऑपरेशन लांबणे, अतिदक्षता विभागात खाट नसणे, रक्ताची सोय न होणे, ताप-खोकला, वाढलेली साखर ही इतर कारणे.

रक्तदाबाचे कारण मात्र वेगळे. भीतीने रक्तदाब चढतो, चढला म्हणून भूलतज्ज्ञ थांबायला सांगतात, आणि ‘आपल्यातच काहीतरी खोट आहे’ या समजुतीने पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतो.

उपास हा या अनुभवाचा सर्वांत ठळक भाग. भूल देण्यापूर्वी साधारणतः हलके जेवण सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. पण ‘रात्री बारानंतर काही नाही’ ही सवय अजून सुटलेली नाही. यादीत शेवटी असलेला माणूस दुपारी तीन-चारपर्यंत कोरडा राहतो. मग कोणीतरी येऊन सांगते, ‘आता जेवा.’ त्या घासाला चव नसते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, तिची नोंद केसपेपरवर होत नाही. थिएटरात जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी काढून सासूच्या किंवा लेकीच्या हाती द्यायची, बांगड्या वाढवायच्या. ते एकदा मन घट्ट करून केलेले असते. संध्याकाळी सगळे परत अंगावर चढते, आणि पुन्हा उतरवायचे या कल्पनेनेच काहींचा धीर सुटतो. घरात कोणी ‘देवालाच मान्य नव्हतं’ म्हणाले, तर निम्म्याजणी तारीखच घेत नाहीत, असे वाटावे इतका त्या शब्दांचा दाब असतो.

राग, रडू, झोप उडणे या प्रतिक्रिया नेहमीच्या. सुटल्यासारखे वाटणे आणि लगेच त्याची लाज वाटणे, हीदेखील तितकीच खरी. ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. बुडालेली रोजंदारी, शेजारणीकडे ठेवलेली मुले, रक्त द्यायला रजा टाकून आलेला मेहुणा यांचे ओझे रुग्णच वाहतो. भातलावणी उरकून आलेल्याला पुढची तारीख कापणीत मिळाली, तर तो येईलच असे नाही.

कोविडच्या काळात ही गोष्ट जगभर घडली: २०२० मधील एका अंदाजानुसार सर्वाधिक विस्कळीत १२ आठवड्यांत सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या.

धक्का किती बसेल हे पुष्कळदा सांगण्याच्या रीतीवर ठरते. वॉर्डबॉयकडून कळलेला निरोप आणि सर्जनने खाटेजवळ येऊन सांगितलेले कारण यांत फार अंतर आहे. इंग्लंडच्या सरकारी सेवेत वैद्यकीय कारणाशिवाय ऐनवेळी ऑपरेशन रद्द केल्यास २८ दिवसांच्या आतली नवी तारीख देण्याचा दंडक आहे. हातात तारीख असलेला रुग्ण पिशवी भरून घरी जातो. तारीख न मिळालेल्याचा नातेवाईक ओपीडीच्या खिडकीपाशी घुटमळत राहतो.