गरब्याच्या फेरात अडॉप्टरवरची लेन्स

बडोद्यात नवरात्र जवळ आली की कॅमेरा बाळगणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: नवा मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला, पण डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, काळात घेतलेली सिग्मा किंवा टॅमरॉन अशा इतर कंपनीची लेन्स अडॉप्टर (मधलं जोडकडं) लावून गरब्यात चालेल का? दांडिया बाजारातल्या गणपतीचे फोटो याच लेन्सने सुरेख येतात. गरब्याच्या मैदानावर मात्र ती चेहरा सोडून मागच्या दिव्यांवर जाते, परत येते, पुन्हा घुटमळते. मग दोष काचेला दिला जातो. काच बहुधा निर्दोष असते. अडतं ते कॅमेरा आणि लेन्समधली मोटर यांच्या देवाणघेवाणीत.

डीएसएलआरमध्ये आरशाला जागा हवी म्हणून लेन्स फोटो टिपणाऱ्या सेन्सरपासून लांब बसवावी लागे. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसते ती जागा) हे अंतर ४४ मिलिमीटर आहे, सोनीच्या मिररलेसच्या ई माउंटमध्ये १८. मधले २६ मिलिमीटर अडॉप्टर भरून काढतो. साध्या अडॉप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा तो बिघडवत नाही.

डीएसएलआरमध्ये फोकस मोजायला आरशाखाली वेगळा सेन्सर असे. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून फोकस किती आणि कोणत्या दिशेला चुकलाय हे तो ठरवी, आणि लेन्सला एका झेपेत तिथे जायला सांगे. कॅननने १९८७ साली पहिल्यांदा लेन्समध्ये बसवलेली अल्ट्रासोनिक मोटर अशा झेपेसाठी उत्तम होती. पण मोजणारा सेन्सर एक आणि फोटो टिपणारा दुसरा, यात एक खोट होती. जुळणीत किंचित फरक पडला की डोळ्यावर धरलेला फोकस कानावर लागे. इतर कंपन्यांच्या लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक आहे. सिग्माने तर ही जुळणी घरी करता यावी म्हणून लेन्स संगणकाला जोडणारा यूएसबी डॉक काढला.

मिररलेसमध्ये मोजमाप फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच होतं, त्यामुळे ही चूक मुळातूनच जाते. ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही असं मला वाटतं. स्थिर विषयावर तीच जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अनेकदा जास्त अचूक फोकस करते.

गरब्यात विषय स्थिर नसतो, आणि इथे हिशेब कठीण होतो. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ १.८ आणि नाचणारी मुलगी ५ मीटरवर धरू. स्पष्ट दिसणारा पट्टा पुढचा-मागचा मिळून साधारण ३७ सेंटिमीटर येतो. ती सेकंदाला दीड मीटर वेगाने आपल्याकडे येत असेल तर पट्ट्याच्या मध्यावरून कडेला पोचायला तिला सेकंदाचा आठवा भाग पुरतो. त्यात फेर गोल, म्हणजे येणारी मुलगी थोड्याच वेळात आडवी जाते आणि मग दूर जाऊ लागते. कॅमेऱ्याला सतत मोजायचं असतं आणि लेन्सला सतत छोटी, नेमकी पावलं टाकायची असतात. स्टेपिंग किंवा लिनियर मोटरला हे सहज जमतं. एका झेपेसाठी घडवलेल्या मोटरला पुन्हा पुन्हा सुरू होणं आणि थांबणं जड जातं.

दुसरी अडचण भाषेची. ईएफ माउंटची सिग्मा लेन्स आपण कॅननची लेन्स असल्यासारखी बोलते, कारण कॅननचे संकेत बाहेरून अभ्यासून ती बनवलेली असते. सोनीवर लावल्यावर अडॉप्टर तिच्यासमोर कॅननचा कॅमेरा होतो आणि कॅमेऱ्यासमोर सोनीची लेन्स. मोटर अमुक इतकी फिरली की प्रतिमा किती सरकेल, ही माहिती त्या प्रवासात थोडी जरी चुकली तरी पहिली हालचाल कमी किंवा जास्त पडते. मग दुरुस्ती, मग दुरुस्तीची दुरुस्ती. आपल्याला दिसतं ते घुटमळणं हेच.

म्हणूनच तीच सिग्मा लेन्स कॅननच्या मिररलेस आर मालिकेवर कॅननच्याच अडॉप्टरने लावली तर खूप बरी चालते; तिथे जुनी भाषा कॅमेऱ्याला येते. सोनीवर सिग्माची लेन्स सिग्माच्याच एमसी-११ ने लावणं सर्वांत सुरक्षित, कारण तो अडॉप्टर त्या लेन्स ओळखूनच बनवला आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॉप्टरमध्ये लेन्सचा स्क्रू फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सला ऑटोफोकस मिळतच नाही.

सेकंड हँड अडॉप्टर घेणार असाल तर दुकानातल्या भिंतीवर फोकस लावून ठरवू नका. कंटिन्युअस (सतत चालणारा) ऑटोफोकस लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, संध्याकाळच्या प्रकाशात कुणाला तरी तुमच्या दिशेने भरभर चालत यायला सांगा आणि सलग फोटो घ्या. मग त्या व्यक्तीला उलट दिशेने पाठवून तेच करा. फोटो मोठे करून डोळेच पाहा. येताना बरे आणि जाताना पुसट असे निघाले, तर ती लेन्स गणपतीसाठी आणि पोर्ट्रेटसाठी ठेवा. गरब्याला स्टेपिंग मोटरची, माउंटला थेट बसणारी साधी लेन्सही अधिक उपयोगी पडेल.