ड्रंक अँड ड्राइव्हच्या चाचणीवर आक्षेप घ्यायचाय? मग कागद त्याच रात्री मागा

आक्षेप घेऊन येणाऱ्यांचं वाक्य ठरलेलं असतं: “मशीन खोटं दाखवत होतं.” असेलही. पण “प्रिंटआउट कुठंय?” म्हटलं की समोरचा गप्प. फुंकर मारली, हवालदारांनी स्क्रीन दाखवली, लायसन्स घेतलं, पावती दिली, एवढंच आठवतं. मशीनचा नंबर नाही, वेळ नाही, दुसरी चाचणी झाली की नाही तेही नक्की नाही. महिन्याभराने हे सगळं उकरून काढणं फार जड जातं, म्हणून हे लिहितोय.

आधी कायदा, थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. ई-चलानच्या साइटवर भरायचा पर्याय दिसत नाही म्हणून केस नाहीच, असं समजून वॉरंट येईपर्यंत निवांत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आक्षेप कोणाला घेता येतो? ज्याने गुन्हा कबूल केलेला नाही त्याला. तारखेला रांगेत उभं राहून “कबूल आहे साहेब” म्हणत दंड भरून मोकळं होणारे बरेच. तसं केल्यावर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील राहत नाही, फार तर शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल बोलता येतं. खरोखर प्यायला असाल तर कबूल करा, त्यात कमीपणा नाही. पण “नंतर बघू” म्हणून कबूल करू नका.

आता मशीनकडे. ते रक्त मोजत नाही. श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि साधारण २१०० ने गुणून रक्तातला आकडा सांगतं. हे गुणोत्तर माणसागणिक थोडं बदलतं, त्यामुळे १५० दाखवलं असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ३३ असेल तर आहे. दुसरी अडचण तोंडातल्या अल्कोहोलची. नुकताच घोट घेतला, माउथवॉशने चूळ भरली, अल्कोहोलमधलं होमिओपॅथीचं औषध घेतलं, तर काही मिनिटं आकडा फुगतो. म्हणून १५ मिनिटं थांबून दुसऱ्यांदा चाचणी घेणं हा शहाणपणाचा मार्ग. नाकाबंदीत मागे गाड्यांची रांग लागलेली असताना तो कुणाला सुचत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा तुम्हीच शांतपणे सांगा: “पाणी पिऊन १५ मिनिटांनी परत फुंकतो.” हुज्जत नको. आवाज चढला की तोच नशेचा पुरावा म्हणून लिहिला जातो.

प्रत्येक चाचणीआधी यंत्राने रिकाम्या हवेत शून्य दाखवायला हवं. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच मुद्द्यावर एका प्रकरणातला कलम १८५ चा आरोप टिकू दिला नाही, कारण ब्लँक टेस्टलाच, म्हणजे या रिकाम्या हवेच्या चाचणीलाच, आकडा आला होता. तो निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वकिलाला दाखवायला उपयोगी आहे. प्रिंटआउटवर हा शून्य दिसतो का, ते पाहा.

सरळ रेषेवर चालून दाखव, एका पायावर उभा राहा, हे अमेरिकेतल्या पोलिसांचं. तिथे तशा प्रमाणित चाचण्या आहेत. आपल्या कायद्यात रस्त्यावरच्या अशा कसरतींना जागा नाही. डॉक्टर तपासणीत चाल, बुबुळं, बोलणं टिपतात तेवढंच. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलं, की तोंडाचा वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या आणि अडखळतं बोलणं एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पण विम्याच्या दाव्यात हा निकाल पुरेलच असं धरू नका. तिथे चाचणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करता येते, असं त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

अटक झाली तर पोलीस स्टेशनवर पुन्हा फुंकायची संधी मिळायला हवी, ते कलम २०३ मध्ये आहे. ती मागा. अटकेपासून २ तासांत वैद्यकीय तपासणीला न्यायला हवं, नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. हा मुद्दा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. तास अटकेपासून मोजायचे, गाडी अडवल्यापासून नाही. आणि सोडायचं ते कोठडीतून, केसमधून नाही. “दोन तास उलटले, सुटलो” म्हणणाऱ्याला समन्स येतंच.

रक्त घेण्यास सांगण्याचा अधिकार कलम २०४ ने पोलिसांना दिलाय; तो आरोपीचा हक्क म्हणून लिहिलेला नाही. तरी रक्ततपासणी हवी असेल तर विनंती लेखी द्या, पोच घ्या. मात्र विचार करून. प्यायल्यानंतर आकडा काही काळ चढतो, मग तासाला साधारण १५ ते २० ने उतरतो. नुकतीच घेतली असेल तर रक्ताचा आकडा जास्तही येईल. सुई टोचायच्या जागी स्पिरिट चोळलं का, बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह होतं का, सील तुमच्यासमोर लागलं का, हे डोळे उघडे ठेवून पाहा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असतील तर दुसरी महिला हजर असायलाच हवी. आणि कुठल्याही चाचणीला नकार देऊ नका. सबळ कारण नसेल तर कलम २०५ खाली तो नकारच तुमच्याविरुद्ध जातो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं हे तपासल्याचा दाखला. वाहतूक शाखेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, यंत्राचा अनुक्रमांक आणि चाचणीची तारीख एवढं पुरतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. लोक दोन पानं तक्रार लिहितात, त्यात रस्त्यातले खड्डेसुद्धा घालतात, आणि अर्ज परत येतो. “तपास सुरू आहे” म्हणून नकार आला तर वकिलामार्फत तेच प्रमाणपत्र कोर्टाकरवी मागवा. अनुक्रमांक मात्र तुमच्याकडे हवा. म्हणून तर प्रिंटआउट.

गाडी सोडवायला आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र न्या. यात फारसं अडत नाही.

लायसन्सचं वेगळं. जप्त करताना मिळालेली पावती म्हणजे तात्पुरतं लायसन्स नव्हे. कलम २०६(४) मध्ये साफ लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. हे कोणी सांगत नाही, आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पावती खिशात घालून ऑफिसला निघतो. लायसन्स आरटीओकडे जातं. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, तेव्हा नोटीस आली की प्रिंटआउटची प्रत आणि लेखी उत्तर घेऊन हजर राहा. गैरहजर राहिलात तर तुमची बाजू न ऐकताच आदेश निघेल. पहिल्या गुन्ह्याला ३ महिने. त्यानंतरही उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स हातात येत नाही. आदेश मान्य नसेल तर अपिलाला ३० दिवस, तेही आदेश तुमच्या हातात पडल्यापासून. तो ज्या पाकिटातून आला ते फेकू नका, त्यावरची टपालाची तारीखच कामाला येते.