ध्वनी व संगीत तंत्रज्ञान : पुण्यातील उच्च शिक्षण

ध्वनी कसा निर्माण होतो, तो कसा टिपावा, साठवावा, त्यावर कोणते संस्कार करावेत आणि तो श्रोत्याच्या कानापर्यंत कसा पोहोचवावा, याचे शास्त्र आणि कसब एकत्र शिकवणारी ही विद्याशाखा आहे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि संगीत या चार विषयांच्या सीमेवर ती उभी असल्यामुळे निरनिराळ्या संस्थांमध्ये तिला ऑडिओग्राफी, साउंड इंजिनिअरिंग, साउंड डिझाइन, म्युझिक प्रॉडक्शन अशी निरनिराळी नावे आढळतात. पुण्यातील विद्यार्थी मात्र या सगळ्यांना सरसकट ‘साउंडचा कोर्स’ म्हणतात. नावांतला हा फरक वरवरचा नाही. ऑडिओग्राफीचा भर चित्रपटातील ध्वनिमुद्रणावर असतो, म्युझिक प्रॉडक्शनचा गाणे घडवण्यावर, तर अभियांत्रिकीच्या अंगाने जाणाऱ्या अभ्यासक्रमाचा संकेतप्रक्रियेच्या (सिग्नल प्रोसेसिंगच्या) गणितावर. प्रवेश घेताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यातील विषयांची यादी पाहणे अधिक हिताचे ठरते.

ही शाखा विद्यापीठीय पातळीवर प्रथम युरोपात स्थिरावली. जर्मनीतील डेटमोल्ड येथे १९४९ मध्ये ‘टोनमाइस्टर’ शिक्षण सुरू झाले आणि इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९७० मध्ये तीच परंपरा उचलली. टोनमाइस्टर म्हणजे स्वरलेखन वाचू शकणारा, एखादे वाद्य जाणणारा आणि तरीही यंत्रावर हुकमत असणारा ध्वनिमुद्रक. तेथे हे शिक्षण संगीतशाळेच्या कुशीत वाढले, तर भारतात ते चित्रपट आणि आकाशवाणी यांच्या गरजेतून आले. येथील ध्वनिशिक्षणात संवाद, पार्श्वध्वनी आणि दृश्याशी मेळ यांना जे स्थान मिळाले, ते रागसंगीताच्या मुद्रणाला बराच काळ मिळाले नाही, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध थेट आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले हे स्वतः ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळत. बोलपट नुकताच जन्मलेला असताना हे तंत्र हाताळून पाहण्यातूनच शिकावे लागत होते. कंपनी बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तीच पुढे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एफटीआयआय’ झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र त्याआधी १९५३ मध्ये सुरू झाले होते. चित्रपटाचा ध्वनी, नभोवाणीचा ध्वनी आणि जुन्या ध्वनिपट्ट्यांचे जतन ही तिन्ही कामे अशा रीतीने एकाच शहरात आली. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी हे एफटीआयआयचेच माजी विद्यार्थी आहेत.

संस्थेचा ध्वनिमुद्रण व ध्वनिसंकल्पनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून तो पूर्वापार पदव्युत्तर पदविकेचा आहे. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र अशी अट राहिलेली आहे. दूरचित्रवाणी विभागातील ध्वनीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. बारावीनंतर थेट पदवीच हवी असणाऱ्यांना बऱ्याचदा वाट वाकडी करावी लागते. कोणी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकी घेऊन संकेतप्रक्रियेकडे वळतो, कोणी भौतिकशास्त्रात पदवी घेतो, तर कोणी संगीताकडून येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य व नाट्य यांचे पदवी शिक्षण गुरुकुल पद्धतीच्या अंगाने देत आहे. या तिन्ही वाटांनी आलेले विद्यार्थी एका वर्गात बसले, की अभियंत्याला ‘काळी एक’ (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) म्हणजे काय ते विचारावे लागते आणि गायकाला लॉगॅरिदम.

पहिल्या वर्षाचा कणा भौतिकशास्त्राचा असतो. वारंवारता, आयाम, तरंगलांबी हे शब्द शाळेतले असले, तरी येथे ते मोजायचे असतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग करून निनादकालाचे सूत्र मांडले. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ हा दालनाच्या घनफळाला ०.१६१ ने गुणून आणि एकूण शोषणाने भागून मिळतो. ६,००० घनमीटरचे सभागृह आणि ६०० चौरसमीटर इतके शोषण असेल, तर निनादकाल सुमारे १.६ सेकंद येतो. तो वाद्यवृंदाला मानवतो आणि भाषणाला जड जातो. रिकाम्या सभागृहात सकाळी केलेली ध्वनिचाचणी संध्याकाळी प्रेक्षक भरल्यावर निरुपयोगी का ठरते, याचे उत्तर याच सूत्रात आहे, कारण माणसांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषतात. अंकीय ध्वनीचा भाग यामानाने लवकर उरकतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने व १६ बिट, चित्रपटासाठी ४८,००० नमुने आणि प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलची श्रेणी एवढे हिशेब पक्के झाले, की उरते ते सॉफ्टवेअरचा सराव.

खरी कसोटी भारतीय वाद्यांपाशी लागते, आणि अभ्यासक्रमाचा कस पाहायचा असेल तर तो येथेच पाहावा. तबल्याचे उदाहरण घ्यावे. साध्या ताणलेल्या पडद्याच्या कंपनांची प्रमाणे १, १.५९, २.१४, २.३० अशी बेसुर असतात, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांना निश्चित स्वर नसतो. पुडीवरच्या शाईच्या थरांमुळे मधला भाग जड होतो आणि ही कंपने मूळ वारंवारतेच्या जवळजवळ पूर्ण पटींत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले. चाटेवरचा (काठावरचा) ‘ना’ आणि लवेवरचा (चाट व शाई यांच्या मधल्या भागावरचा) ‘तिं’ यांचा वर्णपट, म्हणजे त्यांतील वारंवारतांचा आलेख, विद्यार्थ्याने एकदा पडद्यावर शेजारी शेजारी पाहिला, की मायक्रोफोन चार बोटे सरकवल्याने तबला वेगळा का वाजतो हे त्याला सांगावे लागत नाही.

तानपुऱ्याचे प्रात्यक्षिक याहूनही बोलके असते. गायकाचा सा काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ असेल, तर खरजाची तार ६९.३ हर्ट्झला लागते. घोडीवर तारेखाली दोरा नीट बसून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, खुलली, की त्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो मूळ वारंवारतेच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ हर्ट्झवर असतो. समान अंतरांच्या बारा स्वरांत लावलेल्या कीबोर्डचा तोच गंधार ३४९.२ हर्ट्झचा असतो. दोन्ही एकदम वाजवले, तर सेकंदाला जवळजवळ तीन विस्पंद (आवाजाचे चढउतार) पडतात आणि स्वर थरथरल्यासारखा वाटतो. संगीताच्या विद्यार्थ्याला कीबोर्डचा गंधार ‘चढा’ लागल्याचे आधीच कळलेले असते, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आकडा आधी दिसतो. सूर दुरुस्त करणारी बहुतेक सॉफ्टवेअरे मूळ मांडणीत बारा स्वरांचीच चौकट धरतात. ती जशीच्या तशी वापरली तर बरोबर लागलेला गंधार सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) चढवला जातो आणि मींडेच्या, म्हणजे स्वरातून स्वरात घसरत जाण्याच्या, जागी पायऱ्या उमटतात. ही साधने ज्या संगीतासाठी घडली ते वेगळे होते, हे न सांगता ती शिकवणे हा आजच्या शिक्षणातील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल. रागसंगीताला संगणकाने कसे ओळखावे, यावर आता गंभीर संशोधन उपलब्ध आहे. बार्सिलोनाच्या पाँपेऊ फाब्रा विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा समावेश होता आणि आयआयटी मुंबईचा त्यात सहभाग होता.

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी पुण्याइतकी सोयीची प्रयोगशाळा क्वचित मिळेल. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मंडपातील मैफलींत मागच्या श्रोत्यांसाठी वेगळे स्पीकर लावावे लागतात. रंगमंचापासून ६० मीटरवर असलेल्या स्पीकरमधून विजेच्या वेगाने आलेला आवाज लगेच वाजतो, तर गायकाचा मूळ आवाज तेथे सुमारे १७५ मिलिसेकंदांनी पोहोचतो. म्हणून मागचा स्पीकर तेवढा, किंबहुना १०-२० मिलिसेकंद अधिक, उशिरा वाजवतात. पहिला आलेला आवाज जेथून येतो तेथेच ध्वनीचा उगम आहे असे कान मानतो, आणि श्रोत्याला आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. डिसेंबरात दुपारी ३० अंशांवर केलेला हा हिशेब रात्री पारा १२ अंशांवर उतरला की सुमारे ५ मिलिसेकंदांनी चुकतो, कारण हवेत ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटरने बदलतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाने शाल पांघरली की त्याने हा आकडाही पाहावा, असा धडा त्यातून देता येतो.

गणेशोत्सव हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा असून ती ‘ए’ भारांकनाने मोजली जाते. हे भारांकन कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या वारंवारता कमी धरते. ६३ हर्ट्झला ही वजावट सुमारे २६ डेसिबलची असते. परिणामी स्पीकरच्या भिंतीसमोर खिडक्यांची तावदाने हादरत असताना मापकावरचा आकडा त्या मानाने सौम्य दिसतो. ढोल-ताशाच्या पथकाची आणि अशा भिंतीची एकाच अंतरावरून, दोन वेगळ्या भारांकनांनी मोजणी करणे हा विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगा प्रकल्प आहे. तो करताना कानात बोळे घालणे आवश्यक असते. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणासाठी बऱ्याच ठिकाणी शिफारस केली जाणारी मर्यादा आहे आणि या व्यवसायात कान गेला की भांडवलच गेले.

वर्गाबाहेरचे शिक्षण नाट्यगृहांत होते. १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांत पार्श्वसंगीताच्या टेबलावर बसलेली महाविद्यालयीन मुले पुढे या शाखेकडे वळताना दिसतात. योग्य क्षणी आवाज सोडणे आणि त्याहून अवघड म्हणजे योग्य क्षणी तो काढून घेणे, याची शिस्त त्यांना तेथे लागते. चित्रपटाकडे जाणाऱ्यांना बूम (लांब दांड्यावरचा मायक्रोफोन) धरणे, चित्रीकरणस्थळाची शांतता ‘रूम टोन’ म्हणून अर्धा मिनिट मुद्रित करणे आणि चपला, भांडी, कपडे यांचे आवाज फोलीच्या खोलीत नव्याने करणे शिकावे लागते.

पदवीनंतर बरेच जण मुंबई गाठतात. पुण्यात राहणाऱ्यांना ध्वनिमुद्रणगृहे, थेट कार्यक्रम, श्राव्य पुस्तके आणि जाहिराती यांतून काम मिळते. एक अनपेक्षित क्षेत्र वाहन उद्योगाचे आहे. मोटारीतील खडखडाट, कंपने आणि दाराच्या बंद होण्याचा आवाज यांची शास्त्रीय तपासणी करावी लागते आणि कोथरूडच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाकडे यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. संगीताच्या ओढीने आलेला विद्यार्थी तेथे रमेलच असे नाही, पण पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

अध्यापनाची भाषा बहुतांशी इंग्रजी आहे. शाळेत ‘निनाद’ म्हणून शिकलेली संकल्पना येथे ‘रिव्हर्ब’ होते आणि ‘वारंवारता’ची ‘फ्रिक्वेन्सी’. प्रत्यक्ष कामावर मात्र दोन्ही बाजूला पडतात. माइक ‘शिट्टी मारतो’, हॉल ‘घुमतो’, केबल ‘खरखर करते’, आवाज ‘कोरडा’ किंवा ‘गोल’ असतो, आणि गायक डोळे मिटलेले असतानाच हाताने खुणावतो, की तानपुरा अजून थोडा हवा.