वृद्धाश्रमातील असंयम-निगा : साधनांची निवड

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटलेल्या वृद्ध व्यक्तीला कोरडे, स्वच्छ आणि होता होईल तेवढे स्वावलंबी ठेवण्याच्या व्यवस्थेला असंयम-निगा म्हणतात. मुंबईतल्या अनेक वृद्धाश्रमांत ही निगा डायपर बांधण्यापुरतीच उरते. एकाच मापाची खोकी मागवली जातात आणि सगळ्या आजी-आजोबांना तेच डायपर बांधले जाते. गळती, ओल्या गाद्या आणि सोललेली कातडी यांचे मूळ पुष्कळदा या सरसकट खरेदीत सापडते.

खरेदीआधी प्रत्येकाची सलग ३ दिवसांची नोंद ठेवावी : पाणी-चहा किती घेतला, लघवी कधी आणि किती झाली, कपडे कधी ओले झाले. लघवी मापाच्या भांड्यात मोजता येते. डायपर असल्यास ओल्याच्या वजनातून कोऱ्याचे वजन वजा करावे. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. खोकताना-शिंकताना थेंब जाणे, घाई लागून वाटेतच होणे आणि सतत थोडे थोडे ठिबकणे हे वेगवेगळे त्रास आहेत. ठिबकण्यासोबत ओटीपोट फुगलेले असेल तर मूत्राशय रिकामे होत नसावे, आणि अशा वेळी डायपर आजार झाकतो. डॉक्टर लगेच लागतो. असंयम अचानक सुरू झाल्यास मूत्रसंसर्ग, बद्धकोष्ठ, वाढलेली साखर आणि नवी औषधे तपासून घ्यावीत. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हेही विचारावे.

ज्यांना हात धरून नेता येते त्यांना दिवसा सुमारे दर २ तासांनी शौचालयात न्यावे. अशा कित्येकांना दिवसा साधा पॅड पुरतो, तर रात्री पलंगाशेजारी कमोड चेअर किंवा यूरिन पॉट ठेवला की काम भागते. स्वतः कपडे वर-खाली करू शकणाऱ्यांसाठी चड्डीसारखा पुल-अप योग्य. अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र चिकटपट्टीचा डायपरच लागतो, कारण तो कुशीवर वळवून बदलता येतो. नऊवारी नेसणाऱ्या आजींना काष्टा सोडेपर्यंत उशीर होतो. त्यांना आवडेल असा सैल गाऊन किंवा परकर सुचवावा, सक्ती करू नये.

माप घेताना कंबर आणि नितंब दोन्ही मोजावेत, मोठा आकडा धरावा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवावा. ‘मोठा घेतला की जास्त शोषतो’ हा समज महागात पडतो : मोठ्या डायपरला मांडीपाशी फट राहते आणि लघवी तिथूनच वाहते. बांधताना आतल्या उभ्या झालरी बोटाने बाहेर काढाव्यात. पुरुषांचे लिंग खालच्या दिशेला ठेवावे, नाहीतर पोटाकडून गळते. शोषणक्षमतेचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. बसलेल्या माणसाच्या वजनाखाली डायपर त्याच्या बराच आधी गळू लागतो. गळते म्हणून एकावर एक दोन डायपर बांधणे सर्रास चालते, पण आतल्याचे प्लास्टिक लघवी बाहेरच्यापर्यंत जाऊच देत नाही. उष्मा आणि दाब तेवढे वाढतात. रात्रीसाठी जास्त क्षमतेचा एकच डायपर बरा.

कातडीची हानी नुसत्या ओलीने होत नाही. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होऊन त्वचेची आम्लता घटते आणि मलातील विकरे (एन्झाइम) अधिक जोमाने काम करतात. म्हणून शौच झाल्यावर डायपर तत्काळ बदलावा. साबणाने घासण्याऐवजी कोमट पाणी किंवा सौम्य क्लीन्सर वापरावा, मऊ कापडाने टिपावे आणि संरक्षक मलमाचा पातळ थर द्यावा. झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड लेप डायपरच्या वरच्या थराला चिकटून शोषण रोखतो. टाल्कम पावडरच्या ओलसर गुठळ्या घड्यांत साठून कातडीला घासतात. पसरट, कडा अस्पष्ट असलेली लाली ओलीमुळे येते. माकडहाडासारख्या हाडावर ठळक कडांची जखम दिसली तर दाबव्रण (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) समजून कूस बदलण्याचे वेळापत्रक लावावे.

जुन्या साड्यांची दुपटी स्वस्त आणि मऊ असतात. परंतु जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ती वाळत नाहीत, आणि पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर धुणे साचते. धुण्याची पुरेशी सोय असेल तिथेच ती वापरावीत. पलंगावरच्या अंडरपॅडखाली (शोषक चादरीखाली) मॅकिन्टॉश म्हणजे रबरी कापड घालताना तो थेट अंगाला लागणार नाही हे पाहावे, कारण रबरामुळे घाम कोंडतो.

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतात. मल कमोडमध्ये झटकून डायपर आतल्या बाजूला गुंडाळावा, त्याच्याच पट्ट्यांनी बांधावा आणि वेगळ्या पिशवीत द्यावा. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये या कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सेवा सुरू केली. डायपर कमोडमध्ये टाकल्यास आतली भुकटी फुगून जेली होते आणि अख्ख्या इमारतीची मलवाहिनी तुंबते.