अंड्यात मेलेलं पिल्लू: ओल जास्त झाली की कमी पडली?

मशीनमध्ये (इन्क्युबेटरमध्ये) उबवायला ठेवलेली कोंबडीची निम्मी अंडी एकविसाव्या दिवशी फुटली आणि बाकीच्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली निघाली, की बहुतेक जण ‘पाणी कमी पडलं’ म्हणतात आणि पुढच्या खेपेला मशीनमध्ये आणखी एक वाटी ठेवतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, हा उपाय चालूनही जातो. श्रावणात त्यानेच जास्त पिल्लं मरतात.

न फुटलेलं अंडं जाड टोकाकडून सोलून बघा. ओल जास्त झाली असेल तर हवेची पोकळी लहान दिसते, पिल्लू फुगून अंडंभर बसलेलं असतं, अंग चिकट-ओलं, आणि बऱ्याचदा बेंबीपाशी बलक बाहेरच राहिलेला. मान वळवायला जागा नसते. चोच मारली तरी नाकातोंडात पाणी जाऊन ते गुदमरतं. ओल कमी पडली असेल तर पोकळी मोठी, पिल्लू लहानखुरं आणि कवचाच्या आतला पापुद्रा चामड्यासारखा सुकून अंगाला चिकटलेला. पोकळी बरोबर असून नुसता पापुद्रा सुकला असेल, तर आधीच्या अठरा दिवसांना दोष देऊ नका. शेवटच्या तीन दिवसांत कोणीतरी सारखं झाकण उघडून बघत होतं.

पण मेल्यावर कळून काय उपयोग? वजन आधीच सांगतं. 18 दिवसांत अंडं 12 ते 13 टक्के हलकं व्हायला हवं. दहा गावरान अंडी पहिल्या दिवशी 400 ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी 380 आणि अठराव्या दिवशी 350 च्या आसपास यावीत. सातव्या दिवशी 390 भरली तर पाणी काढा, 370 भरली तर वाढवा. रिकामी (पिल्लू न धरलेली) अंडी वजन झाल्यावरच बाजूला करा, नाहीतर हिशेब चुकतो.

पहिले 18 दिवस 45 ते 50 टक्के आर्द्रता पुरते. पावसाळ्यात खोलीत 28 अंश आणि 85 टक्के असेल, तर तीच हवा मशीनमध्ये 37.5 अंशांवर तापल्यावर 50 टक्क्यांच्या घरात येते, म्हणजे पाणी ठेवायची गरजच नाही. मे महिन्याच्या दुपारी मात्र तेच कोरडं मशीन 20 च्या आसपास दाखवेल. तेव्हा खोल पेल्यापेक्षा पसरट ताटली ठेवा. ओल पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर ठरते. कूलरच्या भरवशावर राहू नका, लाईट गेली की सगळं कोसळतं.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70. ताटलीत ओला स्पंज ठेवा, कोमट पाणी भोकातून सलाईनच्या नळीने सोडा. ओल टिकावी म्हणून हवेची भोकं मात्र बुजवू नका, फुटणाऱ्या पिल्लांना हवा जास्त लागते.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) दहा टक्क्यांनी चुकलेला सहज सापडतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने चिखलासारखं ओलं करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवं. 68 दिसलं, तर पुढे प्रत्येक आकड्यात 7 मिळवून वाचा.