नांदेड-४४ च्या आधी आणि नंतर

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राची ओळख शेतकऱ्यांच्या तोंडी एकाच नावाने राहिली: नांदेड-४४. पण हा संकरित वाण, म्हणजेच एनएचएच-४४, येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे कापसावर काम चालू होतं.

निजामाच्या राजवटीत या पट्ट्याची ख्याती होती गावरानी कापसाची. हा देशी वाण. पावसाने ताण दिला तरी तग धरायचा, मावा-तुडतुड्यांनाही फारसा बधायचा नाही. त्याच काळात परभणी-नांदेड भागात पिकांच्या संशोधनाला सुरुवात झाली. कृषी शिक्षणासाठी मात्र हैदराबादच गाठावं लागे. परभणीला कृषी महाविद्यालय आलं १९५६ मध्ये, आणि कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी, ऐन दुष्काळात. नांदेडचं केंद्र याच विद्यापीठाखाली आहे.

दरम्यान १९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या केंद्राने एच-४ काढला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. नांदेडने तीच वाट धरली आणि १९८० च्या दशकात एनएचएच-४४ दिला. कोरडवाहू रानातही बऱ्यापैकी पिकणारा हा वाण मराठवाड्याबाहेरही पसरला.

संकरित बियाणं दोन वाणांचा, एक नर आणि एक मादी, संकर करून दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं. मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी हाताने काढायचे, सकाळी नर वाणाचे पराग त्यावर लावायचे. त्याहून किचकट काम नर-मादी वाण शुद्ध ठेवण्याचं. मधमाशी शेजारच्या वाफ्यातले पराग आणते, म्हणून कळ्या उमलण्याआधीच दोऱ्याने बांधाव्या लागतात. हे दर हंगामात, वेळच्या वेळी. मजूर मिळाले नाहीत म्हणून बांधणी राहिली, तर पंधरा-वीस वर्षं जपलेल्या वाणात भेसळ शिरते. संशोधन केंद्र टिकवणं म्हणजे माझ्या लेखी आधी हे काम टिकवणं. इमारत नंतर.

२००२ मध्ये देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जिवाणूचा जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. ती मिळवणाऱ्यांत महिको ही बियाणं कंपनी होती. तीही मराठवाड्यातलीच, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेली. बोंडअळीने गांजलेला शेतकरी बीटीकडे वळला, ते साहजिकच होतं. विद्यापीठाच्या हाती मात्र तो जनुक नव्हता, आणि थोड्याच वर्षांत नांदेड-४४ दुकानांतून दिसेनासा झाला. वाणात काही बिघाड नव्हता, म्हणूनच ते जास्त लागतं. पुढे महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साथीने त्याचं बीटी रूप तयार झालं, पण तोवर बाजार खासगी कंपन्यांनी व्यापला होता. नर-मादी वाण मधल्या काळात राखून ठेवले होते, म्हणून तेवढं तरी जमलं.

परभणीच्या महबूब बाग प्रक्षेत्रावर याच काळात देशी कापसावरचं काम चालू राहिलं. आखूड धागा ही देशीची जुनी अडचण. तिथून पीए-२५५, म्हणजे 'परभणी तुराब', पीए-४०२ आणि पुढे पीए-८१२ असे लांब धाग्याचे देशी वाण आले. आज गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देत नाही. कमी दिवसांत येणारं, दाट लावता येणारं आणि बियाणं घरचं धरता येणारं पीक हवं म्हटलं, की याच वाणांकडे पुन्हा नजर जाते.